मुक्ताबाईंचं विरजण

१

आमच्या घरात दही लावणं हे काम माझ्याकडे कधीच नव्हतं. लग्न होऊन मी जुळे सोलापूर भागातल्या या फ्लॅटमध्ये आले तेव्हा सासूबाईंनी भाकरीच्या पिठापासून गॅस सिलिंडरच्या नंबरापर्यंत सगळं हसत हसत माझ्या गळ्यात घातलं, पण दह्याच्या पातेल्याला हात लावू दिला नाही. त्यांचं नाव मुक्ताबाई. मी त्यांना आत्या म्हणायचे. आत्या मूळच्या मंद्रूपच्या. मुलाला सोलापुरात नोकरी लागली तेव्हा गाव सोडताना त्यांनी आणखी काय काय आणलं कुणास ठाऊक, पण स्टीलच्या डब्यातून विरजण मात्र आठवणीने आणलं होतं.

त्यांची रीत ठरलेली होती. दिवेलागणीला दूध निवत ठेवायचं, मग त्यात उजव्या हाताचं अंगठ्याशेजारचं बोट बुडवायचं. ते बोट आखूड होतं. तरुणपणी कडबा कापायच्या यंत्रात त्याचं वरचं पेर गेलं होतं. त्या थोट्या बोटाने दूध जोखून आत्या एक तर "आजून जरा निवू दे" म्हणायच्या, नाही तर "झालं". मग विरजण टाकून त्याच बोटाने ढवळायच्या.

मी ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. अकरावीच्या मुलांना दरवर्षी सांगते, की तुमच्या एकट्याच्या अंगाखांद्यावर आणि पोटात जेवढे जीवाणू राहतात तेवढी माणसं अख्ख्या जगात नाहीत. असं सांगणाऱ्या बाईला ते बोट बघवायचं नाही, हे ओघानेच आलं.

"आत्या, चमचा घ्या की," मी म्हणायचे.

"चमच्याला काय कळतंय गं, दूध ऊन हाय का गार हाय ते?"

याला जीवशास्त्रात उत्तर नव्हतं.

गेल्या दिवाळीनंतर आत्या बाथरूममध्ये घसरल्या, खुब्याचं हाड मोडलं आणि त्या अंथरुणाला खिळल्या. पाठीला जखम झाली, ती चिघळली. आमच्या चन्नवीर डॉक्टरांनी पू तपासायला पाठवला, औषधं बदलली, पुन्हा बदलली. तरीही पातेलं रोज संध्याकाळी त्यांच्या खाटेपाशी जायचंच. माझा नवरा अजिंक्य ते धरायचा आणि आत्या पडल्या पडल्या बोट बुडवायच्या. तेव्हा मात्र मी घरचं दही खाणं सोडलं. कॉलेजात विकतच्या दह्याचा कप खायचे आणि घरी "आज नको, घसा धरलाय" म्हणायचे. आमच्या सहा वर्षांच्या सृष्टीला तरी देऊ नको, म्हणून अजिंक्यशी भांडूनही पाहिलं.

"मी त्याच दह्यावर वाढलोय," तो म्हणाला. "मला काय झालंय?"

दोघं बापलेक वाटीच्या वाटी दही खात राहिले.

२

संक्रांतीला गड्ड्याची जत्रा भरते, तिच्या आधी आत्या गेल्या. सुतकात आमच्याकडे विरजण लावत नाहीत, म्हणून ते खालच्या मजल्यावरच्या सायराबानूंनी नेलं. त्यांचे मिस्टर लालसाब टेम्पो चालवतात. आत्यांचं आणि सायराबानूंचं फार जमायचं. आमचं सुतक फिटल्यावर त्या झाकलेली वाटी घेऊन वर आल्या.

"घ्या भाभी, तुमची अमानत. रोज दूध डालके जित्ती रखी मैं."

त्या रात्रीपासून दही लावायचं काम अजिंक्यने आपणहून उचललं. पहिल्या घासालाच त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. "आईच्या हातचीच चव आहे," तो म्हणाला. मलाही भरून आलं. बाई कितीही हट्टी असली तरी मी तिला तीन महिने न्हाऊ-माखू घातलं होतं.

आणि त्यामुळेच पुढचा सगळा घोळ झाला. दुसऱ्या कुणाला ते कळलंच नसतं. फेब्रुवारी संपता संपता मी चादरी धुवायला काढल्या आणि एक अभ्रा हातात घेतला, तर त्याला आत्यांचा वास येत होता. तेलाचा, पावडरीचा, औषधाचा म्हणत नाही मी. त्या सगळ्याच्या खालचा त्यांचा स्वतःचा. भिजत घातलेल्या ज्वारीसारखा जरा आंबूस, जरा गोड. आजारी माणसाचं अंग रोज पुसणाऱ्या बाईला तो वास चुकणार नाही.

आत्यांचं अंथरूण-पांघरूण आम्ही कधीच देऊन टाकलं होतं. हा अभ्रा अजिंक्यचा होता.

मी स्वतःलाच वर्गात उभं केलं आणि धडा दिला. घामाला मुळात वास नसतो, ऋतुजा मॅडम. कातडीवरचे जीवाणू घामावर जगतात, वास ते तयार करतात. मायलेक एका घरात राहिले, एक दही खाल्लं, मुलाने आईला उचललं-निजवलं. एकाचे जीवाणू दुसऱ्याकडे जाणारच. उत्तर बरोबर होतं. मी अभ्रा गरम पाण्यात टाकला आणि दुप्पट साबण घातला.

३

सृष्टी शाळेतून आली की दुपारी माझ्या कुशीत झोपायची. मार्च लागला होता, शेजारच्या घरांच्या पत्र्यांवरून ऊन उकळून वर यायचं, कूलर घरघरायचा. मी तिच्या भांगाला नाक लावून पडायचे. माझ्या पोरीच्या डोक्याला पेन्सिलीच्या भुश्याचा आणि उन्हात वाळलेल्या फ्रॉकचा वास यायचा. दिवसभर पोरांवर ओरडून आल्यावर मला तेवढंच सुख होतं.

त्या दुपारी मी डोळे मिटून नाक टेकवलं आणि ताडकन उठून बसले. कुशीत आत्या होत्या.

म्हणजे सृष्टीच होती. तोंड उघडं टाकून झोपलेली, गालाला चटईचे वळ उठलेले. मी पुन्हा वाकले. भिजलेली ज्वारी. मानेपाशीही तेच, तळहाताला तेच. मी तिला झोपेतून उठवून न्हायला घातलं, ती रडली, केस टॉवेलने पुसून मी लगेच हुंगले तर फक्त शाम्पू होता. मला हायसं वाटलं. अंधार पडायच्या आत शाम्पू उडाला आणि खालून आत्या वर आल्या.

मी बार्शीला आईला फोन लावला.

"आजीच्या अंगाखांद्यावर वाढलेली पोर," आई म्हणाली. "आजीचा वास आला तर तुझं काय बिघडलं? उन्हात फिरतेस, जेवणाचा पत्ता नाही. तूच डॉक्टरला दाखव."

आई हसली म्हणून मीही हसले. फोन ठेवल्यावर मात्र मला रडू आलं. माझी पोर माझ्या घरात होती आणि मला तिची आठवण येत होती.

४

यानंतर मी माणसं हुंगायला लागले. दुसरा शब्द नाही त्याला. अजिंक्य होटगी रोडच्या टॉवेल कारखान्यात माल पाठवायचं बघतो. तो कामावरून आला, की मी त्याचा शर्ट काढून घ्यायची लगबग करायचे. त्याला वाटलं बायकोला प्रेमाचं भरतं आलंय. बिचारा खूश होता.

जिन्यात सायराबानू भेटल्या. त्या नेहमी अत्तर लावतात. मी भाजीचं निमित्त काढून त्यांच्या अगदी जवळ उभी राहिले. वर अत्तर होतं. खाली आत्या होत्या.

"क्या हुआ भाभी? चक्कर आली का?"

"तुम्ही ते विरजण... तुमच्याकडे पण ठेवलंत का?"

"तो? अम्माचं विरजण कोण टाकतंय? वरच्या शिवलिंगप्पाच्या घरात दिली, कोपऱ्यावरच्या दुकानवाल्या शिवूच्या बायकूला दिली. समदे मांगते." त्यांनी माझा दंड धरला. "तुम्हीच खात नाहीत म्हणे?"

हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. अजिंक्यच्या लक्षात आलं असेल, तो बोलला असेल. चाळीत काय, बिल्डिंगमध्ये काय, बायकांना सगळं कळतंच. तरी त्यांची पकड सैल होईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नव्हता.

त्याच संध्याकाळी स्वयंपाकघरात डोकावले. अजिंक्यने सृष्टीला उचलून ओट्यावर बसवलं होतं आणि ती गंभीर चेहऱ्याने दुधात बोट बुडवत होती.

"आजून जरा निवू दे," ती म्हणाली.

अजिंक्य पोट धरून हसला. पोरं नक्कल करतातच. सहा वर्षं रोज ऐकलेलं वाक्य होतं ते.

"कुणी शिकवलं गं तुला?" मी विचारलं.

"कुणी न्हाय," माझी इंग्लिश मीडियमची मुलगी म्हणाली आणि बोट चाटलं.

५

अकरावीला एक प्रयोग असतो, मुलांना फार आवडतो. काचेच्या मोठ्या ताटलीत अगर नावाच्या जेलीचा थर ओतायचा, त्यावर तळहात दाबायचा, झाकण लावून ठेवायचं. दोन-तीन दिवसांत हाताच्या ठशावर जीवाणूंचे ठिपके उगवतात आणि पंजा दिसायला लागतो. मग पोरं आठवडाभर हात धुतात.

शंका आली की तपासावं, एवढं तर मला येतं. मी कॉलेजातून तीन ताटल्या घरी आणल्या. एकीवर माझा हात, एकीवर अजिंक्यचा, एकीवर सृष्टीचा. सृष्टीचं एकेक बोट मी स्वतः नखावर दाब देऊन टेकवलं, कारण लहान मुलं नीट टेकवत नाहीत. अजिंक्यचंही तसंच केलं. तो म्हणाला, "शाळेत बसल्यासारखं वाटतंय." ताटल्या कपाटावर ठेवल्या. सोलापूरच्या एप्रिलमध्ये ऊबपेटी, म्हणजे इनक्युबेटर, लागत नाही.

उगवलेलं पाहायला मी घरात कुणी नसताना खुर्चीवर चढले.

माझी ताटली नेहमीसारखी होती. पांढरे, पिवळे ठिपके, पाच बोटं, मध्ये तळवा. सृष्टीची काढली. चिमुकला पंजा उमटला होता, दाट, सायीच्या रंगाचा. अंगठा पूर्ण. मधलं बोट, त्याच्या शेजारचं, करंगळी, सगळी पूर्ण. अंगठ्याशेजारचं बोट वरच्या पेराच्या खाली संपत होतं. त्याच्या पुढे अगर स्वच्छ होता.

नीट टेकलं नसेल, मी म्हणाले. मोठ्याने म्हणाले, रिकाम्या घरात. पण त्याच नखावर माझा अंगठा दाबल्याचं मला आठवत होतं, ती "आई, दुखतंय" म्हणाली होती.

अजिंक्यची ताटली मी काढली नसती तर बरं झालं असतं. हात दुप्पट मोठा होता. तेच बोट, तिथेच तुटलेलं.

मी तिन्ही ताटल्यांत फिनेल ओतलं आणि पिशव्यांत पिशव्या घालून कचऱ्यात टाकल्या. कॉलेजात ताटल्या फुटल्या म्हणून सांगितलं. माझ्या हातून पुरावा गेला हे मला तेव्हाच कळत होतं, पण दाखवणार होते कुणाला? आणि दाखवून काय म्हणणार होते?

६

विरजण मी मोरीत ओतलं. पातेलं, डबा, वाट्या उकळून घेतल्या. अजिंक्य आला, त्याने पाहिलं, आणि मला वाटलं होतं तसा ओरडला नाही.

"का केलंस?" एवढंच विचारलं.

"मला माझी मुलगी पाहिजे."

"मग ही कोण आहे?" तो सृष्टीकडे बोट दाखवून म्हणाला.

त्याच आठवड्यात सृष्टीचा घसा सुजला, ताप आला. चन्नवीर डॉक्टरांनी साधं इन्फेक्शन आहे म्हणून अँटिबायोटिक दिलं. कुठल्याही आईला काळजी वाटली असती. मला आनंद झाला, हे मी लपवत नाही. हे औषध घशातल्या जीवाणूंबरोबर पोटातल्या, अंगावरच्याही पुष्कळांना झोडपतं. मी गजर लावून एकही डोस चुकू दिला नाही. आत्या उतरतील आणि खालून पेन्सिलीचा भुसा वर येईल, अशी मी वाट पाहत होते.

आत्या उतरल्या. ताप गेला, घसा बरा झाला, आणि एका दुपारी मी तिच्या भांगाला नाक लावलं तर कसलाच वास नव्हता. घासून पालथ्या घातलेल्या भांड्याला येतो तेवढाही नाही. मी मान हुंगली, बगल हुंगली. खाली कुणीच नव्हतं.

सृष्टी खाटेवर पडून राहू लागली. भाकरी नको, खिचडी नको, मोबाईलसुद्धा नको. डॉक्टर म्हणाले, अशक्तपणा आहे, सगळे रिपोर्ट छान आहेत. हाक मारली की ती माझ्याकडे वळायची, पण नजर माझ्यापर्यंत पोचायची नाही. तिचं मनगट माझ्या दोन बोटांत मावायला लागलं. आता मला आत्यांची भीती उरली नव्हती. पोर हातची जाते की काय, ही एकच भीती होती.

७

पेपर तपासणी लवकर आटोपली म्हणून त्या दिवशी मी भर दुपारी घरी आले. सगळी बिल्डिंग झोपलेली. आमचं दार नुसतं लोटलेलं होतं आणि आतून कूलरचा आवाज येत होता. अजिंक्यच्या चपला दारात होत्या, त्या वेळी तो कारखान्यात असायचा. शेजारी सायराबानूंच्या चपला. आणखीही होत्या, त्या मी ओळखल्या नाहीत.

मी दार ढकललं नाही. फटीतून पाहिलं.

खाटेवर सृष्टी तक्क्याला टेकून बसली होती. तिच्या मांडीवर पातेलं होतं. भोवती वाकलेल्या पाठी, अजिंक्यची, सायराबानूंची, वरच्या शिवलिंगप्पांची, एक-दोन बायकांची. सगळ्यांचे उजवे हात पुढे होते आणि सगळ्यांचं एकच बोट दुधात होतं. बोट दुधात किती बुडालं होतं आणि किती मुळात नव्हतंच, ते मला तिथून दिसलं नाही. मी नीट बघायचा प्रयत्नही केला नाही.

"झालं," सृष्टी म्हणाली.

कित्येक दिवसांत तिचा आवाज एवढा खणखणीत लागला नव्हता.

मी खाली जाऊन गेटपाशी उन्हात उभी राहिले. परत वर आले तेव्हा घरात फक्त बापलेक होते. "हाफ डे घेतला," अजिंक्य म्हणाला. "शेजारचे बघायला येऊन गेले पोरीला." झाकलेलं पातेलं ओट्यावर होतं.

दुसऱ्या दिवशी तिने दोन वाट्या दही-भात खाल्ला. तिसऱ्या दिवशी जिन्यात पळापळी सुरू झाली. मी डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले, मुलं अशीच उभी राहतात. मी मान डोलावली.

फक्त दुपारी ती माझ्याकडे झोपायला येईना. चटई उचलून बाबाच्या खोलीत जायची. एकदा मी तिला ओढून जवळ घेतलं, तशी ती आक्रसली आणि तिने नाक चिमटीत धरलं.

"काय झालं, सृष्टी?"

"तुला वास येतो."

"कुणाचा?"

ती विचारात पडली. "कुणाचाच नाही. बाहेरचा." मग रडवेली होऊन म्हणाली, "माझी आई कुठं गेली?"

मी स्वयंपाकघरात गेले. पातेल्यावरची ताटली बाजूला केली. दही घट्ट लागलं होतं, वर सायीचा पिवळसर थर. मी काय करते आहे ते मला पक्कं माहीत होतं, कुणी मला फसवलं नाही. मग मी खाल्लं. चमचा घेतला नाही.

८

आता सृष्टी पुन्हा माझ्या कुशीत झोपते. तिच्या भांगाला तिचाच वास येतो, उबदार, ओळखीचा. तो आधी वेगळा होता असं मला आठवतं. पेन्सिलीचा भुसा, उन्हातला फ्रॉक, हे शब्द आठवतात. नाकाला मात्र काही आठवत नाही. अजिंक्य म्हणतो, माझी तब्येत सुधारली आहे. सायराबानू जिन्यात भेटल्या की नुसत्या हसतात.

मे महिन्यात बार्शीहून आई आली. एसटी स्टँडवरून रिक्षा करून, घामाने निथळत. मी दार उघडलं. तिने पिशवी खाली ठेवली, माझं डोकं दोन्ही हातांत घेऊन आपल्या खांद्याशी ओढलं, आणि तिथेच थांबली. मग तिचे हात सुटले आणि ती एक पाऊल मागे सरली.

"ऋतू?" ती म्हणाली.

"काय गं आई?"

"काही नाही. तू... बरी आहेस ना?"

ती सोफ्याच्या कडेला बसली, पिशवी मांडीवर घेऊन. पाणी दिलं तर ते हातातच धरून ठेवलं. माझ्याकडे चोरून बघायची आणि मी बघितलं की दाराकडे बघायची. तिला काय होत होतं ते माझ्याइतकं या शहरात दुसऱ्या कुणाला कळलं नसतं. तिची मुलगी समोर बसली होती आणि तिला तिची आठवण येत होती.

सृष्टी आतून दोन्ही हातांनी वाटी सांभाळत आली आणि आजीपुढे उभी राहिली.

"उन्हाची आलीयास आई," मी म्हणाले. "आदी दही-भात खा. लई बरं वाटतंय बघ."

आईने दह्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिचे डोळे भरले होते. ती वाटी घेणार होती ती माझ्या बोलण्याने नाही, मला परत मिळवायचं म्हणून, हे मला स्पष्ट दिसत होतं. तिने हात पुढे करून वाटी घेतली.